इंधन अंतःक्षेपणाकडून पुन्हा कार्ब्युरेटरकडे : दुचाकीतील उलट्या रूपांतराचे तांत्रिक व व्यावहारिक विवेचन
(विशेष संदर्भ : भंडारा जिल्हा)

सारांश :
इंधन अंतःक्षेपण असलेली दुचाकी बिघडल्यावर ती यंत्रणा काढून त्या जागी कार्ब्युरेटर बसवावा, असा विचार ग्रामीण भागातील अनेक वाहनधारकांच्या मनात येतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही यंत्रणांचे कार्य, रूपांतरासाठी करावे लागणारे बदल, त्याचे परिणाम व कायदेशीर बाजू यांचे विवेचन केले आहे. अशा रूपांतरात केवळ एक सुटा भाग बदलत नसून इंजिनाची स्वतःला सावरण्याची क्षमता नष्ट होते, आणि या मागणीच्या मुळाशी असलेला खरा प्रश्न दुरुस्तीच्या उपलब्धतेचा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : इंधन अंतःक्षेपण, कार्ब्युरेटर, हवा-इंधन प्रमाण, भारत स्टेज मानके, दुरुस्ती.

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. धानाच्या बांधीवर जाणारा शेतकरी, वरठी किंवा जवाहरनगरच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, तुमसरच्या बाजारपेठेतील व्यापारी आणि लाखांदूर, पवनी, साकोलीच्या खेड्यांतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी, या सर्वांचा दिवस दुचाकीवर अवलंबून असतो. गाडी दोन दिवस बंद राहिली तर मजुरी बुडते आणि तासिकाही बुडते.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ ही प्रदूषण मानके लागू झाली आणि बाजारातील बहुतेक नव्या दुचाकी इंधन अंतःक्षेपणाच्या झाल्या. बाजारात या यंत्रणेला फ्युएल इंजेक्शन किंवा नुसते 'एफआय' म्हणतात. यंत्रणा बदलली, परंतु ती दुरुस्त करण्याचे ज्ञान आणि साधने त्याच वेगाने खेड्यापर्यंत पोहोचली नाहीत.

या विषयाकडे प्रस्तुत लेखक वळला तो स्वानुभवातून. २०२४ च्या पावसाळ्यात लेखकाची दुचाकी पवनी मार्गावर अचानक बंद पडली. गावातील मिस्त्रीने गाडी पाहिली आणि प्रामाणिकपणे सांगितले, "सर, हे एफआय काढून टाकू. कार्ब्युरेटर लावून देतो, मग पुढचं मीच पाहून घेईन." या वाक्यात अज्ञानापेक्षा अनुभव अधिक होता. जे आपल्या हाताने उघडता येते तेच आपल्याला दुरुस्त करता येते, हा त्याचा साधा युक्तिवाद होता. तो कितपत ग्राह्य आहे, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

दोन यंत्रणांचे कार्य :
पेट्रोल इंजिनात इंधन पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण आवश्यक असते. कार्ब्युरेटर आणि अंतःक्षेपण या दोहोंचे काम हे प्रमाण राखणे हेच आहे. फरक आहे तो पद्धतीत.

कार्ब्युरेटर हे बर्नुलीच्या तत्त्वावर चालणारे साधन आहे. इंजिन हवा ओढते, ती हवा अरुंद मार्गातून जाताना तिचा वेग वाढतो व दाब घटतो, आणि त्या दाबातील फरकामुळे फ्लोटच्या वाटीतील पेट्रोल जेटमधून वर खेचले जाते. टाकीतून पेट्रोल स्वतःच्या भाराने खाली येते, त्यामुळे पंपाची गरज नसते. मिश्रणाचे प्रमाण जेटच्या छिद्रावर, सुईच्या उंचीवर आणि एका स्क्रूवर ठरते. एकदा ठरले की ते तसेच राहते.

अंतःक्षेपणात टाकीतील विद्युत पंप पेट्रोलला साधारण ३ बार इतका दाब देतो आणि इंजेक्टर ते बारीक फवाऱ्याच्या रूपात सोडतो. किती वेळ सोडायचे, हे नियंत्रक संगणक म्हणजे ईसीयू ठरवतो. क्रँकची स्थिती, थ्रॉटलचा कोन, आत येणाऱ्या हवेचा दाब व तापमान आणि इंजिनाचे तापमान यांची माहिती त्याला सेन्सर देतात. सर्वांत महत्त्वाचा आहे तो धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर. झालेल्या ज्वलनानंतर धुरात किती ऑक्सिजन शिल्लक राहिला, हे तो सांगतो आणि त्यानुसार पुढील फवारा कमी-अधिक होतो. म्हणजेच कार्ब्युरेटर आधी ठरवून दिलेले उत्तर देतो, तर अंतःक्षेपण स्वतःचे उत्तर तपासून पाहते. पुढील सर्व विवेचनाचा आधार हाच भेद आहे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण : पल्सर २२० :
अंतःक्षेपणाकडून कार्ब्युरेटरकडे जाण्याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच राज्यातील कारखान्याने घालून दिले आहे. भारतीय बाजारात २००६ मध्ये हिरो होंडाने ग्लॅमर या १२५ सीसी गाडीची अंतःक्षेपण असलेली आवृत्ती आणली होती. पाठोपाठ २००७ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर २२० डीटीएस-एफआय ही गाडी आणली. परंतु २००९ मध्ये त्याच कंपनीने त्याच गाडीतील अंतःक्षेपण काढून कार्ब्युरेटर दिला. किंमत लक्षणीय उतरली आणि शक्ती घटण्याऐवजी २० वरून सुमारे २१ पीएस झाली. ही आवृत्ती पुढे अनेक वर्षे लोकप्रिय राहिली. २०२० मध्ये भारत स्टेज-६ मानकांमुळे हीच गाडी पुन्हा अंतःक्षेपणावर आली.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कार्ब्युरेटर म्हणजे मागासलेपणा असे समीकरण मांडता येत नाही. २०२१ मध्ये आलेल्या पल्सर एनएस १२५ या गाडीत भारत स्टेज-६ च्या काळातही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला कार्ब्युरेटर होता. दुसरी, कारखान्याने केलेले रूपांतर हे संपूर्ण गाडीचे रूपांतर होते. प्रज्वलन, वायरिंग, टाकी, धुराची नळी या सर्वांचा मेळ घालून आणि त्या काळच्या मानकांनुसार मान्यता घेऊनच ती गाडी विक्रीस आली. २००५ च्या मानकांत दुचाकीच्या धुरातील हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड यांची एकत्रित मर्यादा किलोमीटरला १.५ ग्रॅम होती. भारत स्टेज-६ मध्ये सर्वसाधारण दुचाकीसाठी हायड्रोकार्बन ०.१ ग्रॅम व नायट्रोजन ऑक्साइड ०.०६ ग्रॅम इतकीच मुभा आहे. दरम्यान चाचणीची पद्धत बदलल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, तरी २००९ मध्ये शक्य झालेले रूपांतर आज तितकेच सोपे का नाही, हे तीवरून उमगते.

रूपांतरात प्रत्यक्ष काय बदलावे लागते :
'कार्ब्युरेटर लावणे' हा शब्दप्रयोग फसवा आहे. प्रत्यक्षात पुढील बदल करावे लागतात.

(अ) टाकी : अंतःक्षेपणाच्या टाकीला खालून कॉक नसतो. पंप ज्या मोठ्या छिद्रातून बसवलेला असतो, ते पत्र्याने बंद करून त्याला कॉक जोडावा लागतो. अनेक गाड्यांत इंधनाची पातळी दाखवणारा फ्लोटही पंपालाच जोडलेला असल्याने पंप काढताच इंधनाचा काटा निकामी होतो. हा जोड गळका राहिल्यास पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर पडते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही सर्वांत धोक्याची जागा होय.

(आ) प्रज्वलन : बहुतेकांच्या लक्षात न येणारी बाब म्हणजे ईसीयू केवळ पेट्रोल सोडत नाही, तर ठिणगी केव्हा पडावी हेही तोच ठरवतो. तो काढला तर स्वतंत्र सीडीआय किंवा तत्सम यंत्रणा लागते. शिवाय अंतःक्षेपणाच्या गाडीत मॅग्नेटच्या चाकावर अनेक दात असतात व त्यातील एखाद-दोन मुद्दाम वगळलेले असतात. साध्या सीडीआयला मात्र एका फेऱ्याला एकच संकेत अपेक्षित असतो. त्यामुळे मॅग्नेट व पिकअपही बदलावे लागतात. काही मिस्त्री केवळ ठिणगीसाठी ईसीयू तसाच ठेवतात. अशा वेळी सेन्सर व इंजेक्टर जागेवर नसल्याने इशारा दिवा कायम लागलेला राहतो आणि नंतर उद्भवणारा खरा बिघड कळण्याचा मार्ग बंद होतो.

(इ) हवेचा मार्ग : थ्रॉटल बॉडीच्या जागी कार्ब्युरेटर बसवताना रबरी जोड, केबल आणि एअर फिल्टरचे तोंड जुळवावे लागते. या जोडातून किंचित हवा शिरली तरी मिश्रण विरळ होते व इंजिन तापते.

(ई) जेटची निवड : त्याच इंजिनाची कार्ब्युरेटर आवृत्ती कारखान्याने कधी काढली असेल, तर योग्य जेट व सुटे भाग मिळू शकतात. तशी आवृत्तीच नसेल, तर जेट अंदाजाने निवडावा लागतो. भारत स्टेज-६ काळातील अनेक गाड्या या दुसऱ्या गटात मोडतात.

रूपांतराचे परिणाम :
पहिला परिणाम इंधनाशी निगडित आहे. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉलच्या रेणूत मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याला सुमारे ९ भागच हवा पुरते. परिणामी मिश्र इंधनाचे योग्य प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. तितक्याच हवेला वजनाने सुमारे नऊ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून फवारा वाढवतो. कार्ब्युरेटरचे छिद्र मात्र तेवढेच राहते, म्हणून जुन्या हिशेबाचा जेट असल्यास मिश्रण विरळ पडते.

दुसरा परिणाम हवामानाचा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेल्या इंजिनालगतच्या फ्लोट वाटीत पेट्रोलची वाफ होते आणि थोडा वेळ उभी राहिलेली गाडी सुरू होण्यास त्रास देते. दाबाखालील इंधनाला हा त्रास कमी होतो.

तिसरा परिणाम धुराच्या नळीतील उत्प्रेरकावर होतो. हा उत्प्रेरक योग्य प्रमाणाच्या अगदी जवळ असतानाच तिन्ही प्रकारचे प्रदूषक वायू एकाच वेळी निकामी करू शकतो. मिश्रण गडद असेल तर न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकातच जळून त्याची जाळी वितळू शकते, आणि विरळ असेल तर नायट्रोजन ऑक्साइड तसेच बाहेर पडतात. पीयूसी केंद्रावर दुचाकीची तपासणी गाडी जागेवर उभी असताना होते. त्यामुळे स्क्रू फिरवून त्या क्षणापुरते प्रमाणपत्र मिळेलही, परंतु रस्त्यावरील धूर त्यावरून कळत नाही.

कायदेशीर बाजू :
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-अ (४) प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. या तरतुदीत जबाबदारी वाहनमालकावर आहे, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

रूपांतरापूर्वी करावयाची तपासणी :
'एफआय गेले' असे ज्याला म्हटले जाते, तो बिघाड अनेकदा साध्या ठिकाणी असतो. पुढील क्रमाने तपासणी केल्यास बराच खर्च टळू शकतो.

१) बॅटरी : या यंत्रणेचा प्राण विजेत आहे. उभ्या गाडीची बॅटरी १२.४ व्होल्टपेक्षा कमी असेल, तर प्रथम तीच चार्ज करावी.
२) पंपाचा आवाज : किल्ली फिरवताच दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू यावी. ती नसेल, तर पंपाला दोष देण्यापूर्वी फ्यूज, रिले व अर्थची तार पाहावी.
३) जोड व तारा : पावसाळ्यात जोडांवर हिरवट गंज चढतो. ज्या घरात धान साठवलेले असते, तेथे उंदीर तारा कुरतडतात.
४) इशारा दिवा : अनेक गाड्यांत हा दिवा लांब व आखूड लुकलुकीतून बिघाडाचा क्रमांक सांगतो. त्याचा अर्थ गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत मिळतो.
५) पाणी : इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी वाढले की इथेनॉल व पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि पंपाचे तोंड नेमके तेथेच असते.
६) शेवटी इंजेक्टर व थ्रॉटल बॉडीची स्वच्छता.

लेखकाच्या गाडीत दोष तिसऱ्या क्रमांकाचा निघाला. पंपाकडे जाणारी एक तार उंदराने अर्धवट कुरतडली होती. ती जोडून घेतल्यावर गाडी सुरू झाली. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो तसा एक साधा मल्टिमीटर त्यासाठी पुरेसा ठरला. तो मिस्त्रीकडे नव्हता आणि असता तरी वापरण्याचा सराव त्याला नव्हता, ही या प्रसंगातील खरी उणीव होय.

निष्कर्ष :
१. अंतःक्षेपणाच्या दुचाकीत कार्ब्युरेटर बसवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. तथापि त्यासाठी टाकी, प्रज्वलन, हवेचा मार्ग व जेट या सर्वांचा मेळ घालावा लागतो. कारखान्याला जे जमले ते रस्त्याकडेच्या दुकानात तसेच जमेल असे नाही.
२. या बदलात इंजिनाची स्वतःला सावरण्याची क्षमता जाते. बदलत्या इंधनाच्या काळात हे नुकसान वाढत जाणारे आहे.
३. कायद्याची जोखीम वाहनधारकाच्या माथी येते.
४. रूपांतराची मागणी ही वस्तुतः दुरुस्तीच्या हक्काची मागणी आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू केले व त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश केला. परंतु बिघाडाचे क्रमांक, वायरिंगचे नकाशे आणि तपासणीची साधने मराठीतून तालुक्याच्या मिस्त्रीपर्यंत पोहोचल्याशिवाय हा हक्क कागदावरच राहील.

या संदर्भात महाविद्यालयांना करता येण्याजोगे काम मोठे नाही, पण मोलाचे आहे. भौतिकशास्त्र विभाग, राष्ट्रीय सेवा योजना आणि जवळची औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी मिळून परिसरातील मिस्त्रींसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, तर मल्टिमीटर हाताळणे, सेन्सर ओळखणे आणि दिव्याची भाषा वाचणे सहज शिकवता येईल. आपल्या वर्गात येणारे विद्यार्थी याच गाड्यांवरून येतात आणि त्यांपैकी काहींचे वडील किंवा भाऊ हेच काम करतात. जुना कार्ब्युरेटर मिस्त्रीने पुस्तकाविना आत्मसात केला होता. नवी यंत्रणा आत्मसात करण्यासाठी त्याला जे थोडे साहाय्य हवे आहे, ते देणे आपल्या आवाक्यातील आहे.