दारातलं कलादालन

रवी परांजपे आपल्या बेळगावचे, हे आपण अभिमानाने सांगतो. १९३५चा त्यांचा जन्म इथलाच. पुढे मुंबईत टाइम्स ऑफ इंडिया, जाहिरात क्षेत्र, काही काळ नैरोबी, मग पुणे. २०२२ मध्ये ते गेले. पण त्यांना घडवणारे के. बी. कुलकर्णी सर मात्र बेळगावातच शिकवत राहिले. मुंबईत जे. जे.मध्ये अध्यापन केलेले जॉन फर्नांडिस हेही केबींचेच विद्यार्थी.

टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात केबींच्याच नावाचं कलादालन आहे. नाटकवाल्यांच्या संस्थेने चित्रकाराचं नाव जपावं, ही मला अगदी बेळगावी गोष्ट वाटते. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ. त्यांच्यासाठी दसरा चौकात शाहू स्मारक भवनाचं कलादालन आहे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात चित्रं बघायला कोणी नाही असं होत नाही म्हणतात, पण प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी जाऊन बघा!

उद्घाटनाला गर्दी होते. पाहुणे, विद्यार्थी, दुसरे चित्रकार, फोटो. नंतर चित्रकार खुर्ची टाकून बसलेला असतो आणि समोर अभिप्रायाची वही. आपण टिळकवाडीत राहतो, तिथूनच गाडीने रोज जातो, आणि आत पाऊल टाकत नाही. का? ‘आपल्याला त्यातलं काय कळतंय’ म्हणून. शिवाय आत गेलो तर काहीतरी घ्यावं लागेल, ही भीती. घ्यावं लागत नाही. तिकीटही सहसा नसतं.

प्रदर्शन भरवणं स्वस्त नसतं. हॉलचं भाडं असतंच. जलरंगाच्या चित्राला माउंट, काच, फ्रेम सगळं करावं लागतं. वीस-पंचवीस चित्रांचं मिळून बघा किती होतं. जहांगीर १९५२ पासून मुंबईत आहे, तिथे लावावं असं प्रत्येकाला वाटतं, पण नंबर लागायला वर्षं जातात, आणि लागला तरी वाहतूक आणि मुंबईतला मुक्काम अंगावर पडतो. गावातल्या दालनात निदान न विकलेली चित्रं टेंपोत घालून संध्याकाळी घरी नेता येतात. इथल्या अनेक चित्रकारांचं घर शाळेतल्या नोकरीवर किंवा क्लासवर चालतं, आणि चित्रं काढायची ती उरलेल्या वेळात. दोन-तीन चित्रं गेली तर पुढच्या प्रदर्शनाच्या फ्रेमा निघतात. नाही गेली तर पुढचं प्रदर्शन लांबतं, इतका साधा हिशेब आहे.

आणि आपण? नवा फ्लॅट घेतला की फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन, आणि सोफ्यामागे ऑनलाइन मागवलेले सात घोडे. एकच प्रिंट चार घरांत! माझा दिवस स्क्रीनसमोर जातो, म्हणून हे मी सांगू शकतो: मोबाइलवरचं चित्र म्हणजे चित्राची माहिती असते. एआयला सांगितलं तर दहा सेकंदांत राजहंसगडावर पाऊस पडतो. पण कागदाचा खरखरीत पोत, ओला रंग पसरून वाळल्यावर उमटलेली कड, तैलरंगाचा जाड थर बाजूने बघितल्यावर दिसतो तो उंचवटा, हे समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. येळ्ळूरची शेतं आपण लहानपणापासून बघतो. ती दुसऱ्या कुणी तासभर उन्हात बसून बघितली की कशी दिसतात, ते बघणं वेगळं.

पाटी कुठल्या भाषेत यावरून आपल्याकडे किती रामायणं झाली, तुम्हाला माहीत आहेच. चित्राखालची पाटी मात्र छोटी असते: नाव, माध्यम, आकार, किंमत. किंमत परवडत नसेल तर लहान स्केच आहे का, असं सरळ विचारा. कुणी रागावत नाही. मुलं ड्रॉइंगच्या परीक्षांना बसत असतील तर त्यांना नक्की न्या, आणि त्यांनाच प्रश्न विचारू द्या. ‘हे किती वेळात काढलं?’ हा पहिला प्रश्न ठरलेला. त्यानंतर स्केचवही दाखवता का म्हणायचं. ती बहुतेकांच्या झोळीत असते, आणि खोडलेल्या रेघांसकट ते ती आनंदाने उघडतात.