पडद्यावरील पाठ आणि हातांतील काम

विद्यार्थिदशा पंचविशीबरोबर संपते, अशी जी समजूत आपल्या घरांतून पूर्वापार चालत आली, ती आतां सोडून देणें प्राप्त आहे. पुण्यांतील एखाद्या सुशिक्षित एकत्र कुटुंबांत सायंकाळीं डोकावून पाहावें. धाकटा नातू शाळेचा गृहपाठ करीत असतो. त्याच वेळीं शेजारच्या खोलींत त्याची आई हिंजवडीच्या कंपनीकडून आलेला पाठ संगणकावर पाहत असते. बँकेंत नोकरीस असलेला काका मोबाइलवर फसवणुकीच्या प्रकारांविषयींची चित्रफीत उघडून बसलेला असतो. आणि शिक्षिका असलेली थोरली काकू सरकारी प्रशिक्षणाचे प्रश्न सोडवीत असते. चार माणसें, चार पाठ, आणि गुरु मात्र एकाहि ठिकाणीं प्रत्यक्ष हजर नाहीं. ह्या प्रकारास हल्लीं सर्वत्र ऑनलाइन प्रशिक्षण असें म्हणतात.

आम्हीं आयुष्याचीं बहुतेक वर्षें खडू आणि फळा यांच्या सहवासांत घालविलीं असल्यामुळें, शिकविण्याचा कोणताहि नवा प्रकार दिसला कीं त्याजकडे आमचें लक्ष जातें. आप्तेष्टांच्या शेजारीं बसून हे पाठ आम्ही पाहिले आहेत. बहुधा दिसतें तें असें: चित्रफीत एका बाजूस चालू असते व दुसऱ्या बाजूस पोळ्या लाटल्या जात असतात. 'पुढें' असें लिहिलेलें बटण उजळलें कीं बोट त्यावर पडतें. शेवटीं दहा प्रश्न येतात. उत्तर चुकलें तर तोच प्रश्न पुन्हां येतो, आणि चारांपैकीं तीन पर्याय खोडले गेल्यावर चौथा बरोबर ठरणारच. प्रमाणपत्र हातीं येतें. आठ दिवसांनीं त्याच माणसास त्या पाठांतील एखादी गोष्ट विचारावी, तर तो नुसता हंसतो.

ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी असती, तर आम्ही ह्या लेखाच्या भरीस पडलों नसतों. चाकणच्या एखाद्या कारखान्यांत पत्रा दाबण्याच्या यंत्रावर उभ्या असलेल्या कामगारानें 'यंत्र बंद केल्याखेरीज आंत हात घालूं नये' हा पाठ बटण दाबून उरकला, तर त्याची किंमत त्याला बोटें गमावून द्यावी लागेल. दुसरें उदाहरण आपल्या लेकीसुनांचें. २०१३ च्या कायद्यानें कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध केला. दहा किंवा अधिक माणसें कामास असतील तेथें अंतर्गत समिति नेमणें आणि वेळोवेळीं जागृतीचे कार्यक्रम करणें, हें मालकाचें कर्तव्य ठरविलें. अनेक ठिकाणीं ह्या कार्यक्रमाचें रूपांतर एका लहानशा चित्रफितींत झालें आहे. ती पाहूनहि नव्यानें नोकरीस लागलेल्या मुलीस आपल्या कचेरीच्या समितींत कोण आहे, आणि तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आंत लेखी द्यावी लागते, हें ठाऊक नसलें, तर कागदोपत्रीं कायदा पाळला गेला, पण त्या मुलीच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं.

ह्यांत दोष शिकणाराचा आहे, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु जो पाठ केवळ हजेरीसाठीं रचलेला असतो, तो लोक केवळ हजेरीसाठींच घेतात. तेव्हां विचार करावयाचा तो पाठाच्या रचनेचा.

गुरु समोर नसतां शिकवावें कसें, हा प्रश्न पुण्यास नवा नाहीं. कॅनडा देशांत १९४१ पासून शेतकऱ्यांचीं रेडिओ-मंडळें चालत असत. तो नमुना पुढें ठेवून १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुण्याच्या आकाशवाणी केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें एक प्रयोग केला. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या पांच जिल्ह्यांतील १५० गांवें त्यासाठीं निवडलीं होतीं. प्रत्येक गांवीं सुमारें वीस जणांचें एक मंडळ असे. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकंदर २० कार्यक्रम झाले. विषय शेतीचे व गांवच्या कारभाराचे, म्हणजे ऐकणारांच्या रोजच्या कामाचे होते.

ह्या प्रयोगाचें मर्म कार्यक्रम संपल्यावर होणाऱ्या गोष्टींत होतें. मंडळी लगेच चर्चेस बसत. जें ऐकलें तें आपल्या गांवीं लागू आहे कीं नाहीं, लागू असल्यास उद्यां काय करावें, यावर बोलणें होई. मंडळाचा चिटणीस चर्चेचा वृत्तांत व उरलेल्या शंका पुण्यास लिहून पाठवी, आणि त्या शंकांस रेडिओवरून उत्तरें मिळत. ऐका, चर्चा करा, कृति करा, अशी ह्या उपक्रमाची त्रिसूत्री होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें त्याची पद्धतशीर तपासणी केली. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनीं लिहिलेला वृत्तांत युनेस्कोनें १९५९ सालीं प्रसिद्ध केला. मंडळें असलेल्या गांवांची तुलना रेडिओ असूनहि मंडळ नसलेल्या गांवांशीं, तसेंच रेडिओच नसलेल्या गांवांशीं केली होती. मंडळांच्या गांवीं लोकांचें ज्ञान पुष्कळ वाढलें. नुसता रेडिओ असलेल्या गांवीं तें त्या मानानें फारच थोडें वाढलें. आवाज एकाच केंद्राचा आणि कार्यक्रमहि तेच. परंतु एका गांवीं ऐकल्यावर बोलणें होत होतें आणि दुसऱ्या गांवीं तें होत नव्हतें.

आजचे आपले बहुतेक पाठ दुसऱ्या प्रकारच्या गांवासारखे आहेत. प्रत्येकाच्या हातीं मोबाइल आहे, पण मंडळ कोठेंच नाहीं. मात्र पुण्यांतच ह्याहून वेगळें उदाहरणहि घडलें आहे. २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळानें एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढें राज्य शासनाच्या अनेक पदांसाठीं तो आवश्यक ठरला. त्याचे पाठ संगणकावरच असले, तरी शिकणारा गांवोगांवच्या अध्ययन-केंद्रावर जाऊन बसतो आणि अडलें तर विचारावयास तेथें मार्गदर्शक असतो. चाळिशी उलटलेल्या कारकुनांनीं आयुष्यांत प्रथमच संगणकाला हात लावला, तेव्हां त्यांची भीड मोडण्यास हें जवळचें माणूस फार उपयोगी पडलें असलें पाहिजे.

ऑनलाइन प्रशिक्षण नकोच, असें आमचें म्हणणें नाहीं. शिक्षकांसाठीं केंद्र सरकारनें २०१९ सालीं सुरू केलेल्या 'निष्ठा' उपक्रमाचें उद्दिष्ट सुमारें ४२ लाख शिक्षकांचें होतें, आणि महामारीमुळें ऑक्टोबर २०२० पासून तो ऑनलाइन चालविण्यांत आला. सरकारी नोकरांसाठीं २०२० च्या सप्टेंबरमध्यें 'मिशन कर्मयोगी' ह्या योजनेस मान्यता मिळाली. तिचे पाठहि संगणकावरूनच मिळतात. एवढ्या माणसांस एका छपराखालीं आणणें अशक्यच. शिवाय ह्या पद्धतींत कांहीं गुण असे आहेत कीं, ते आमच्या वर्गांत नव्हते. गडचिरोलीच्या शिक्षिकेस आणि पुण्याच्या शिक्षिकेस एकच पाठ मिळतो. जो विद्यार्थी वर्गांत हात वर करण्यास लाजतो, तो तोच भाग तीनदां पाहूं शकतो आणि त्यास कोणी मंद म्हणत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, हे गुण कामीं कसे आणावे.

पहिली गोष्ट, पाठाचा आरंभ ग्रंथापासून न करतां कामापासून करावा. 'ह्या पाठानंतर माणसाला काय करतां आलें पाहिजे?' ह्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत लिहितां येईना, तर पाठ रचूंच नये. ज्या माहितीचा त्या कामाशीं संबंध नाहीं ती कितीहि मोलाची असली तरी गाळावी.

दुसरी गोष्ट, शिक्षण थोडथोडें आणि पुनःपुन्हां व्हावें. एबिंगहाउस नांवाच्या जर्मन पंडितानें निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून, त्या किती वेळांत विसरतात हें मोजलें आणि १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. विसरणें पहिल्या कांहीं तासांतच सर्वांत वेगानें होतें, आणि उजळणी अनेक दिवसांत विभागली तर कमी श्रमांत अधिक टिकतें, असें त्यास आढळलें. आपल्या वेदपाठशाळांस हें अनुभवानें ठाऊक होतें. म्हणून तेथें संथा लहान आणि आवृत्ति पुष्कळ, आणि तोच मंत्र पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या रीतींनीं म्हणण्याची शिस्त. वर्षांतून एकदां सलग तीन तास पाठ दाखविणारी कचेरी ह्या शहाणपणाच्या अगदीं उलट वागते.

तिसरी गोष्ट, दाखविण्यापेक्षां विचारावें अधिक. रोडिगर व कार्पिके ह्या अमेरिकन संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांनीं उतारा पुनःपुन्हां वाचला, तर कांहींनीं एकदां वाचून तो आठवून लिहिला. पांच मिनिटांनंतर वाचणारे पुढें होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारांनीं त्यांस मागें टाकलें. शास्त्रकारांनीं श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन हीं सांगितलीं आहेत. आपले पाठ पहिल्या पायरीवरच प्रमाणपत्र देऊन मोकळे होतात.

एक उदाहरण घेऊं. सहकारी बँकेच्या खिडकीवरील कारकुनास 'डिजिटल अटके'च्या फसवणुकीविषयीं शिकवावयाचें आहे. आपण पोलीस आहों असें भासवून चोर वृद्ध माणसास व्हिडिओवर तासन् तास खिळवून ठेवतात व त्याची पुंजी उकळतात. वास्तविक अशी अटक आपल्या कायद्यांत मुळींच नाहीं. चालू पद्धतीचा पाठ सायबर गुन्ह्याची व्याख्या, त्याचे प्रकार व कलमें सांगून संपेल. कामापासून निघालेला पाठ असा असेल: सकाळचे अकरा वाजले आहेत. सत्तरीचे एक पेन्शनर मुदत ठेव मोडून सर्व रक्कम अनोळखी खात्यांत पाठवा म्हणतात. मोबाइल हातांत चालूच आहे, चेहरा उतरला आहे, कारण विचारतां 'घरचें काम' एवढेंच सांगतात. आतां आपण काय कराल?

कारकुनानें 'फॉर्म भरून देतों' हें उत्तर निवडलें, तर पडद्यावर सायंकाळचा प्रसंग यावा: खातें रिकामें झालें आहे आणि त्यांचा मुलगा खिडकीशीं उभा आहे. 'तुम्हांला फसवीत आहेत, असें मोठ्यानें सांगतों' हें निवडलें, तर ते गृहस्थ रागावून दुसऱ्या शाखेची वाट धरतात असें दिसावें. त्यांस आंत बसवून पाणी द्यावें, फोन बंद करावयास लावावा, शाखाधिकाऱ्यांस बोलवावें आणि घरच्या माणसास कळवावें, ही वाट त्यानें स्वतः शोधली पाहिजे. पैसे गेलेच असतील तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, हेंहि तेथेंच शिकवावें. हा पाठ दहा मिनिटांचा. तीन दिवसांनीं वेगळा प्रसंग घालून एक प्रश्न. आणि पुढच्या सोमवारीं शाखेंतील सर्वांनीं पाव तास एकत्र बसून 'आपल्या खिडकीवर असें कधीं घडलें काय?' यावर बोलणें. हेंच १९५६ चें मंडळ होय. त्यांतून निघालेल्या शंका पाठ रचणारांकडे जाव्या आणि त्यांचीं उत्तरें यावीं.

पाठ कामगाराच्या भाषेंत असावा, हें निराळें सांगावयास नको. शब्दकोश उघडून बनविलेलें भाषांतर ही त्याची भाषा नव्हे. यंत्राच्या भागास कारखान्यांत जें नांव आहे तेंच पाठांतहि असावें. तसेंच पाठ कामाच्या वेळांतच व्हावा. ज्या शिक्षणाचा लाभ मालकास आहे, त्याचा वेळ सुनेच्या स्वयंपाकाच्या वेळेंतून काढणें न्याय्य नाहीं. पोळपाटाशेजारीं चाललेल्या चित्रफितीचें खरें कारण तेंच आहे.

शेवटीं, प्रशिक्षणाचीहि परीक्षा घ्यावी. डोनाल्ड कर्कपॅट्रिक ह्या अमेरिकन अध्यापकानें १९५९ सालीं तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: पाठ आवडला काय, ज्ञान आलें काय, कामाची रीत बदलली काय, आणि संस्थेस फळ मिळालें काय. आपल्याकडील हिशेब बहुधा पहिल्या पायरीच्याहि अलीकडे, म्हणजे किती जणांनीं पाठ 'पूर्ण' केला ह्या आंकड्यापाशींच थांबतो. व्यवस्थापकांनीं महिन्याभरानें कारखान्यांत फेरी मारून पाहावें, यंत्र बंद करून हात घालतात कीं चालू असतांच. तें पाहणें कोणत्याहि आंकड्याहून अधिक विश्वसनीय आहे.

घरांतील वडीलधाऱ्यांसहि कांहीं कर्तव्य आहे. सून वा मुलगा पाठ घेऊन बसला असतां 'चित्रपट पाहतो आहे' अशी थट्टा करूं नये. तेवढा अर्धा तास त्याच्या हातचें काम दुसऱ्यानें उचलावें. आणि रात्रीं पंक्तीस बसल्यावर सहज विचारावें, 'आज काय शिकलास? आम्हांला समजेल असें सांग.' फसवणुकीचा पाठ तर घरांतील वृद्धांच्याच उपयोगाचा आहे. बँकेंतल्या काकानें तो आजोबांना सांगितला, तर त्याची उजळणी होईल आणि उद्यां आजोबांना तसा फोन आलाच, तर तो बंद करण्याचें धैर्य त्यांच्यापाशीं असेल.