लोटलेल्या काळाचे शब्दांकन

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एखाद्या संदेशाखाली ‘३ तासांपूर्वी’ अशी नोंद आपण नित्य वाचतो. ती कोणी मनुष्य लिहीत नाही. संगणकाची आज्ञावली ती वेळोवेळी तयार करते. हे काम कसे चालते आणि त्यात मराठी व्याकरणाचा संबंध कोठे येतो, याचा थोडक्यात विचार आम्ही येथे करणार आहोत. ग्वाल्हेरीत मराठी घराचा उंबरठा ओलांडताच हिंदी सुरू होते; म्हणून येथील वाचकांस हा विषय विशेष निकटचा आहे.

पुष्कळशा संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून लोटलेले सेकंद मोजतात. दोन नोंदींची वजाबाकी केली की मधला काळ हाती येतो. समजा, तो ९००० सेकंद आहे. त्यास ३६०० ने भागले असता भागाकार २ व बाकी १८०० येते. बाकीची ३० मिनिटे होतात. ज्या एककाचा भागाकार शून्य येईल ते गाळावयाचे, कारण ‘० दिवस २ तास’ असे कोणी बोलत नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिराच्या इ. स. ८७६ मधील शिलालेखात २७० ही संख्या शून्यासह कोरलेली आहे. ते शून्य पुसले तर २७ उरतील. अंकलेखनात शून्यावाचून चालत नाही, बोलण्यात मात्र ते बहुधा वगळावे लागते.

येथवर गणित झाले. पुढे भाषा येते. इंग्रजीत एककाच्या नावाचे एकवचन वा अनेकवचन घेऊन पुढे एक ठरीव शब्द ठेवला की भागते. मराठीत ‘महिना’ या एकाच नामाची चार रूपे सांभाळावी लागतात: ‘एक महिना झाला’, ‘दोन महिने झाले’, ‘एका महिन्यापूर्वी’ आणि ‘दोन महिन्यांपूर्वी’. संख्या, नाम आणि ‘पूर्वी’ हे तीन तुकडे नुसते जोडणारी आज्ञावली ‘२ महिने पूर्वी’ असे लिहून मोकळी होते. हिंदीत ‘दो महीने पहले’ ही रचना शुद्धच आहे. त्यामुळे ग्वाल्हेरच्या मुलाच्या कानाला ही चूक खटकत नाही, आणि हाच खरा धोका आहे.

यावर उपाय असा की, तुकडे न जोडता प्रत्येक वचनासाठी संपूर्ण पदबंधच आज्ञावलीस पुरवावा व संख्येची जागा तेवढी रिकामी ठेवावी. युनिकोड संस्थेच्या भाषासंग्रहात वचनांचे नियम भाषावार दिलेले आहेत. त्यांनुसार हिंदीत ० आणि १ या दोन्ही संख्या एकवचनाच्या वर्गात पडतात, मराठीत केवळ १. परंतु अपूर्णांकांपाशी हा नियम अपुरा पडतो. १.५ ही संख्या त्याच्या दृष्टीने अनेकवचनी. आपण मात्र ‘दीड महिना’ म्हणतो आणि ‘अडीच महिने’. ५४०० सेकंदांचा ‘दीड तास’ आणि ९००० सेकंदांचे ‘अडीच तास’ व्हावयाचे असतील, तर त्यासाठी वेगळी तरतूद हवी.

‘काल’ या शब्दाची अडचण निराळी आहे. रात्री ११ वाजता लिहिलेला संदेश १ वाजता वाचला तर तो २ तासांपूर्वीचा खरा, पण तारखेने कालचा. तेव्हा येथे सेकंद मोजून भागत नाही. वाचकाच्या गावची मध्यरात्र पाहावी लागते. हिंदीतील ‘कल’ मागे व पुढे दोन्हीकडे जातो. मराठीने ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे ठेवले, तरी ‘परवा’ दोन्हीकडे जातोच. अशा ठिकाणी ‘२ दिवसांपूर्वी’ लिहिणे अधिक सुरक्षित होय.

भागाकार कोणत्याही देशीचा यंत्रज्ञ करील. ‘महिन्यांपूर्वी’तील अनुस्वार मात्र मराठी जाणणाऱ्यानेच त्याच्या हाती दिला पाहिजे. सेकंदापासून वर्षापर्यंतच्या एककांची ही चार रूपे वर्गात फळ्यावर मांडणे शिक्षकांस कठीण नाही. सामान्यरूपाचा धडा पुस्तकात एकदाच येतो. ही नोंद विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे दिवसातून अनेकदा येते. ती शुद्ध असावी, एवढा आग्रह आपण धरलाच पाहिजे.