हलव्याचे दागिने घरी करायचेत? आत्ताच सुरुवात करा!

संक्रांत जानेवारीत असली तरी काटेरी हलव्याला डिसेंबरची कोरडी थंडीच लागते. हवा दमट असेल तर काटा धरत नाही.

परातीत मूठभर तीळ किंवा खसखस घ्या. मोठा दाणा हवा असेल तर साबुदाणा. साखरेत निम्मं पाणी घालून पाक करा, चमचाभर दूध घातलं की मळी वर येते, ती काढून टाका. परात अगदी मंद आचेवर ठेवा आणि चमचाभर पाक सोडून बोटांनी हलवत राहा. तो पूर्ण सुकल्याशिवाय पुढचा चमचा नाही! घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात. रोज थोडा वेळ, असं काही दिवस चालतं. पहिला काटा दिसतो तेव्हाचा आनंद मला कुठल्याच विणकामा-भरतकामात मिळालेला नाही.

दागिने करताना दाण्याला भोक पाडायचं नाही, फुटतो. दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा आवळून बांधायचा. नथ, बांगड्यांना आतून बारीक तार. हल्ली पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवतात, काम झटपट होतं. पण मला बांधलेलाच तन्मणी देखणा वाटतो. चिकटवलेला हलवा मात्र खाऊ नये, बोरन्हाणाला लहानग्यांना घालताना हे नक्की बघा.

नव्या सुनेच्या काळ्या साडीवर हे पांढरे दागिने काय उठून दिसतात! तयार दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मुंग्यांपासून जपा.