गॅरेजमध्ये गेली की गाडी सुरू!

घरासमोर तीनदा किल्ली फिरवूनही जागची न हलणारी गाडी मेकॅनिक आला की पहिल्याच सेल्फला सुरू होते. मालक ओशाळतो. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, गाडीला तर काही झालेलं नाही." आमच्या बाह्यरुग्ण विभागात असा संवाद रोज होतो. "डॉक्टरसाहेब, काल रात्री छातीत नुसती धडधड होत होती. आत्ता मात्र काही नाही." ईसीजी काढावा तर तो अगदी व्यवस्थित येतो आणि रुग्णाला आपण उगाच आलो असे वाटू लागते.

कायमचा बिघाड शोधणे त्या मानाने सोपे असते. कधी येणारा, कधी न येणारा बिघाड यंत्रातला असो वा शरीरातला, तो पकडायला वेगळी पद्धत लागते. जुन्या गाडीच्या उदाहरणावरून ती चांगली समजते.

आधी हकीकत, मग पाना

"गाडी सुरू होत नाही" हे वाक्य "बरं वाटत नाही" इतकेच मोघम आहे. पहिला प्रश्न असा: किल्ली फिरवल्यावर सेल्फ इंजिनाला फिरवतो का? सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, असे असेल तर दोष पेट्रोलच्या किंवा ठिणगीच्या बाजूला आहे. पेट्रोल पंप, त्याचा रिले, इंजिनाच्या फिरण्याची खबर देणारा सेन्सर ही नेहमीची ठिकाणे. यांतले काही भाग गरम झाल्यावर दगा देतात आणि अर्ध्या तासाने थंड झाले की निमूट काम करतात. सेल्फच फिरत नसेल, नुसता 'खट्' आवाज येत असेल किंवा तोही येत नसेल, तर बॅटरी, तिच्या केबल, सेल्फची मोटर आणि किल्लीचा स्विच या वाटेवर शोध घ्यायचा. एका प्रश्नात निम्मी गाडी तपासातून वगळली जाते.

दुसरा प्रश्न: हेडलाइट लावून किल्ली फिरवली तर दिवे मंद होतात का? एकदम मंदावले तर बॅटरी अशक्त असण्याचा किंवा तिच्या टर्मिनलवर गंज चढल्याचा संशय घ्यावा. दिवे प्रखर राहिले आणि तरी सेल्फ गप्प असेल, तर बॅटरीत ताकद आहे, पण ती सेल्फपर्यंत पोचत नाही.

तिसरा प्रश्न वेळेचा. सकाळी थंड असताना की दहा मिनिटे थांबून परत निघताना? पावसात की उन्हात? सपाटीवर की चढावर? यासाठी गाडीत एक वही ठेवावी आणि बिघाड झाला त्या वेळेची, हवेची, आवाजाची नोंद लगेच करावी. चार-पाच नोंदी झाल्या की आपले मत बाजूला राहते आणि बिघाडाची सवय दिसू लागते.

मोजायचे कधी?

माझी पेट्रोल गाडी २० वर्षांची आहे. रात्री रुग्णालयातून बोलावणे आले की तिच्यावरच भिस्त असते, त्यामुळे तिचे हे 'कधी हो, कधी नाही' मला परवडणारे नव्हते. वहीतल्या नोंदींत एक गोष्ट सारखी होती. सकाळी ती कधीच अडत नसे. थोडे अंतर जाऊन बंद केली आणि लगेच पुन्हा किल्ली फिरवली की मधूनच 'खट्' होऊन थांबे. दिवे मात्र लख्ख. एका गॅरेजमध्ये नवी बॅटरी टाकण्याचा सल्ला मिळाला. आधी मोजावे म्हणून मल्टिमीटर लावला. बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे उत्तम.

हे आकडे गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवेत. पूर्ण चार्ज झालेली, थोडा वेळ विसावलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. सेल्फ मारताना हा आकडा खाली येतोच, पण साडेनऊच्याही खाली गेला तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. नसेल तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही.

बॅटरी चांगली, दिवे प्रखर, मग वीज अडते कुठे? इथे ओहमचा नियम कामी येतो. सेल्फ मारताना लहान गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर वीज वाहते. वाटेत एका सांध्यावर फक्त ०.०२ ओहम रोध वाढला, तरी १५० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, म्हणजे बॅटरीची पाव ताकद. दिव्यांना मात्र दहा अँपिअरच्या आसपास वीज लागते. त्याच सांध्यावरून गेली तरी त्यांचे नुकसान ०.२ व्होल्टचे, डोळ्यांना न कळणारे. गाडी बंद असताना मीटरने तो सांधा तपासला तर इतका छोटा रोध दिसतच नाही. दोष दिसतो तो केवळ भार पडल्यावर.

म्हणून मोजमाप सेल्फ मारतानाच करायचे. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरायची आणि दुसऱ्या कोणाला किल्ली फिरवायला सांगायचे. आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची वाट खराब. माझ्या गाडीत, गरम असताना आणि 'खट्' होत असताना, तो दोनच्या वर गेला. बॉडीपासून इंजिनापर्यंत जाणारी अर्थिंगची पट्टी वरून धडधाकट दिसत होती. सोडवली तेव्हा बोल्टखाली हिरवट गंज आणि निम्म्याहून अधिक तारा तुटलेल्या निघाल्या. नवी पट्टी आणि घासून साफ केलेला सांधा, एवढ्यावर काम झाले.

हृदयाच्या बाबतीत आम्ही हेच करतो. रक्तवाहिनी अरुंद झालेल्या माणसाचा खुर्चीवर बसलेला असतानाचा ईसीजी सामान्य येऊ शकतो, कारण विश्रांतीत हृदयाची मागणीच कमी असते. जिना चढताना मागणी वाढते आणि छातीत दडपण येते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात. "ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे हृदय ठणठणीत" असे मानून चालताना येणारे दडपण अंगावर काढणारे रुग्ण आम्ही पाहतो. त्यांनी गाडीचे प्रखर दिवे आठवावेत.

पाळत ठेवणारे यंत्र

काही दोष भार देऊनही दिसत नाहीत. त्यांच्यावर पाळतच ठेवावी लागते. अमेरिकेतल्या माँटाना राज्यातील नॉर्मन हॉल्टर या संशोधकाने माणूस रोजचे व्यवहार करत असताना त्याच्या हृदयाची नोंद घेण्याचा ध्यास घेतला. त्याचे सुरुवातीचे यंत्र पाठीवर बांधायचे होते आणि वजन होते सुमारे ३८ किलो! १९६१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याने आपली पद्धत मांडली. आज त्याच्या नावाचा 'हॉल्टर' खिशात मावतो आणि २४ तास किंवा अधिक काळ नोंद घेतो. महिन्यांतून एखादी चक्कर येत असेल, तर त्वचेखाली बसवायचा छोटा रेकॉर्डर दोन-तीन वर्षेही पाळत ठेवू शकतो.

याचे महत्त्व मोठे आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय मधूनमधून बिघडणे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, अनेकदा असेच येते आणि जाते. तेवढ्या वेळात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि योग्य रुग्णाला रक्त पातळ ठेवणारे औषध दिले तर तो बराच कमी करता येतो. पण आधी विकार कागदावर पकडला गेला पाहिजे.

बरे झाले हे कसे ठरवायचे?

अधूनमधून येणाऱ्या बिघाडाची एक गंमत आहे. तो आपोआपही थांबतो. त्याच्या आदल्या दिवशी जे केले असेल, त्याला श्रेय मिळते. कोणी प्लग बदललेले असतात, कोणी पंप बदललेला असतो, कोणी गाडीला लिंबू-मिरची बांधलेली असते. समजा गाडी सरासरी पाचांतून एकदा अडते. काहीही दुरुस्ती न करता ती सलग दहा वेळा सुरळीत सुरू होण्याची शक्यता तरीही सुमारे ११ टक्के आहे. सलग १५ वेळा मात्र साडेतीन टक्केच. म्हणून एक ढोबळ नियम असा: बिघाड सरासरी जितक्या खेपांनी येत होता, त्याच्या किमान तिप्पट खेपा निर्विघ्न गेल्याशिवाय "दुरुस्त झाली" म्हणू नये. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकाच दिवशी बॅटरी, सेल्फ आणि स्विच बदलला तर गाडी कशाने सुधारली हे कळणार नाही, फक्त बिल कळेल.

औषधांनाही हेच लागू आहे. महिन्यातून एकदा उठणारी अर्धशिशी एखादे चूर्ण घेतल्यावर तीन आठवडे उठली नाही, तर त्यावरून चूर्णाचा गुण सिद्ध होत नाही.

बोनेट उघडण्यापूर्वी

डॉक्टर म्हणून काही सूचना. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. म्हणून बॅटरीजवळ काडी, विडी-सिगारेट नको. हातातली अंगठी, कडे, धातूचा पट्टा काढून ठेवा; दोन टर्मिनलमध्ये धातू अडकला तर क्षणात खोल भाजते. बॅटरीतले पाणी म्हणजे गंधकाम्ल. डोळ्यात उडाले तर चोळू नका. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा किमान २० मिनिटे धुवा आणि मग थेट रुग्णालय गाठा.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने सुरू करताना आधी पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडा. मग चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हची वायर बंद गाडीच्या बॅटरीला न लावता, तिच्यापासून दूर, इंजिनाच्या धातूला लावा. ठिणगी पडलीच तर बॅटरीजवळ पडायला नको. सेल्फ मारताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून चाचण्या करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखू लागले, मळमळले तर लगेच मोकळ्या हवेत या.

शेवटी वहीबद्दल पुन्हा. ती स्वतःसाठीही ठेवा. चक्कर, धडधड, भोवळ केव्हा आली, काय करत होता, किती वेळ टिकली, नाडी नियमित होती का, कोणी पाहिले, हे लिहून आणा. झटका किंवा बेशुद्धी असेल तर रुग्णाला कुशीवर वळवून सुरक्षित केल्यानंतर जवळच्या कोणीतरी मोबाइलवर चित्रण करावे. आमच्या निम्म्या तपासण्या त्याने वाचतात.

मात्र काही लक्षणांसाठी वही उघडू नका, गाडी किंवा १०८ रुग्णवाहिका गाठा. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, छातीत दडपण येऊन घाम फुटणे, चालताना किंवा व्यायाम करताना बेशुद्ध पडणे. ही लक्षणे दहा मिनिटांत पूर्ण उतरली तरी त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात या. लक्षण उतरले तरी त्यामागचे कारण जागेवरच असते, आणि पुढच्या खेपेला ते उतरेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.