विंडोजची व्हीएचडीएक्स फाइल उबंटूवर कशी उघडायची?

समजा विंडोजचा जुना लॅपटॉप बंद पडलाय. त्याचा सिस्टीम इमेज बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर आहे, पण आता हाताशी फक्त उबंटूचा लॅपटॉप आहे. बॅकअपच्या फोल्डरमध्ये एक भलीमोठी व्हीएचडीएक्स फाइल दिसते, पण डबल क्लिक केलं तरी आतलं काहीच दिसत नाही. अशा वेळी फाइल करप्ट झाली असं समजून ती डिलीट करू नका.

ही फाइल म्हणजे नक्की काय?

अख्खी हार्ड डिस्क एका फाइलमध्ये भरलेली असते, म्हणजे डब्यात डबा. बाहेरचा डबा म्हणजे व्हीएचडी (कमाल २ टीबी) किंवा नवा व्हीएचडीएक्स (कमाल ६४ टीबी). व्हर्च्युअलबॉक्सचा व्हीडीआय आणि व्हीएमवेअरचा व्हीएमडीके हेही असेच डबे. आतला डबा म्हणजे पार्टिशनची फाइल सिस्टीम, विंडोजमध्ये बहुतेक वेळा एनटीएफएस. लिनक्सला एनटीएफएस वाचता येतं, अडतं ते बाहेरच्या झाकणापाशी.

मागच्या वर्षी माझ्या मावसभावाचा लॅपटॉप सबमिशनच्या तोंडावर बंद पडला. प्रोजेक्टचा रिपोर्ट अशाच एका फाइलमध्ये होता. खालच्या पद्धतीने तो त्याच संध्याकाळी मिळाला.

स्टेप्स

१. क्यूईएमयू-यूटिल्स हे पॅकेज इन्स्टॉल करा.
२. मॉडप्रोब कमांडने एनबीडी हे कर्नल मॉड्यूल सुरू करा.
३. क्यूईएमयू-एनबीडी कमांडने फाइल जोडा, पण रीड-ओन्ली पर्याय देऊनच. आता लिनक्सला ही फाइल खरी डिस्क वाटते.
४. एलएसबीएलके कमांडने पार्टिशनची यादी बघा. तुमचा डेटा बहुतेक वेळा सगळ्यात मोठ्या पार्टिशनमध्ये असतो. तेही रीड-ओन्लीच माउंट करा.
५. हवं ते कॉपी करा. मग आधी अनमाउंट आणि नंतर डिस्कनेक्ट. हा क्रम उलटा करू नका.

रीड-ओन्लीचा एवढा आग्रह का? कारण हा तुमचा एकमेव बॅकअप असू शकतो. चुकून काही लिहिलं गेलं, तर दुसरी प्रत नाही.

कमांड नको असतील आणि मित्राकडे विंडोज असेल, तर ७-झिपची नवी आवृत्ती वापरा. राइट क्लिक करून ही फाइल त्यात उघडली की आतली पार्टिशन दिसतात आणि हवं ते फोल्डर बाहेर काढता येतं.

कुठे अडू शकतं?

- बिटलॉकर: पार्टिशनला कुलूप असेल तर पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती नसेल तर डेटा वाचता येणार नाही.
- एव्हीएचडीएक्स: ही हायपर-व्हीच्या चेकपॉइंटची फाइल. हिच्यात फक्त नंतरचे बदल असतात, त्यामुळे मूळ फाइलही जवळ हवी.
- पेन ड्राइव्ह: फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर जाणारच नाही. एक्सफॅट फॉरमॅटचा ड्राइव्ह घ्या.

सगळं मिळालं तरी मूळ फाइल लगेच पुसू नका. कॉपी केलेले फोटो आणि डॉक्युमेंट एकेक उघडून बघा, दुसऱ्या ड्राइव्हवर अजून एक प्रत ठेवा, आणि मगच जागा रिकामी करा.