काउंटीच्या दफ्तरातील घटस्फोटाची नोंद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घटस्फोट देते ते राष्ट्र नव्हे, तर एखादे घटक राज्य. आणि राज्याच्या वतीने तो देणाऱ्या न्यायालयाचे दफ्तर बहुधा काउंटीच्या मुख्य ठाण्यात असते. घटस्फोटाचा कागद शोधू लागणाऱ्याने ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी, कारण पुढील बहुतेक अडचणी तिच्यातूनच उद्भवतात. वॉशिंग्टनमध्ये सर्व देशाची एक यादी असेल, तेथे पत्र धाडले की प्रत हाती येईल, अशी अनेकांची समजूत असते. तशी यादी अस्तित्वात नाही. विवाह आणि घटस्फोट हे राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहेत. संघराज्याची न्यायालये घटस्फोट देत नाहीत, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८५९ साली सांगितले आणि १९९२ साली पुन्हा स्पष्ट केले. संघराज्याचे सांख्यिकी खाते राज्यांकडून घटस्फोटांची तपशीलवार माहिती गोळा करीत असे, तेही १९९६ मध्ये थांबले. आणि ती माहिती तरी आकड्यांची होती, माणसांच्या कागदपत्रांची नव्हे.

काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपला जिल्हा. मात्र ही तुलना फार ताणू नये. अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या त्या देशात असून त्यांच्या आकारमानात विलक्षण तफावत आहे. लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या सुमारे एक कोटी, तर टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत शंभर माणसेही नाहीत. लुइझियाना राज्यात काउंटीला ‘पॅरिश’ म्हणतात. दफ्तर सांभाळण्याची पद्धत, शुल्क, कामाचे तास, एवढेच काय, कार्यालयाचे नावसुद्धा राज्यागणिक बदलते.

हा कागद लागतो कशासाठी? पुनर्विवाह हे उघड कारण झाले. पूर्वीचे नाव पुन्हा धारण करावयाचे असेल, मुलांचा ताबा किंवा पोटगी यांविषयीचा आदेश अंमलात आणावयाचा असेल, तर हुकूमनाम्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. विवाह किमान दहा वर्षे टिकला असेल, तर घटस्फोटित पत्नीला किंवा पतीला पूर्वीच्या जोडीदाराच्या खात्यावर सामाजिक सुरक्षा योजनेखाली निवृत्तिवेतन मिळू शकते. तेथे विवाहाची तारीख आणि घटस्फोटाची तारीख या दोहोंना महत्त्व येते. नव्या पत्नीला वा पतीला अमेरिकेत नेण्यासाठी अर्ज करणाऱ्यालाही आधीचे सर्व विवाह कायदेशीर रीतीने संपुष्टात आल्याचे दाखवावे लागते. आणि अमेरिकेत घटस्फोट घेऊन पुण्यात वा मुंबईत पुन्हा विवाह करू इच्छिणाऱ्याकडे येथील विवाह निबंधकही तोच कागद मागतो.

‘घटस्फोटाची नोंद’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी वावरतात, आणि मागणी करताना चुकीची गोष्ट मागितल्याने महिनेच्या महिने वाया जातात. पहिली गोष्ट म्हणजे राज्याच्या आरोग्य खात्याने दिलेले प्रमाणपत्र किंवा पडताळणीचे पत्र. त्यात उभयतांची नावे, तारीख आणि काउंटी एवढीच माहिती सामान्यतः असते. दुसरी गोष्ट न्यायाधीशाच्या सहीचा हुकूमनामा. मालमत्तेची वाटणी, पोटगी, मुलांचा ताबा हे सारे त्यात असते. तिसरी गोष्ट म्हणजे संपूर्ण प्रकरणाची फाइल: अर्ज, समन्स बजावल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्रे, मधले आदेश. पुनर्विवाहाला किंवा भारतीय न्यायालयात दाखल करण्याला आरोग्य खात्याचे पत्र पुरेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. मागावयाचा तो हुकूमनामा, आणि तोही प्रमाणित. समन्स दुसऱ्या पक्षाला खरोखर मिळाले होते काय असा वाद असेल, तर फाइलमधील बजावणीचा दाखलाही मागवावा. पुढे त्याचेच मोल अधिक ठरते.

तरीही राज्याची सूची निरुपयोगी नाही. काउंटी ठाऊक नसेल तेव्हा तीच वाट दाखविते. टेक्सास राज्याची सूची १९६८ पासूनची आहे. न्यूयॉर्कचे आरोग्य खाते १ जानेवारी १९६३ नंतरच्या घटस्फोटांचे प्रमाणपत्र देते. कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे मात्र १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळाची नोंद आहे; त्याच्या आधीचा किंवा नंतरचा शोध थेट काउंटीत घ्यावा लागतो.

काउंटी ठरविताना विवाह कोठे झाला याला काहीच महत्त्व नसते, आणि पती-पत्नी आज कोठे राहतात यालाही नसते. हुकूमनामा ज्या काउंटीच्या न्यायालयाने दिला तेथेच तो असतो. हे न्यायालय सामान्यतः पती-पत्नींपैकी एकाच्या त्या वेळच्या निवासस्थानावरून ठरते. पण ‘निवास’ या शब्दाला राज्याराज्यांनी निरनिराळा अर्थ दिला. नेवाडा राज्याने १९३१ साली केवळ सहा आठवड्यांचा निवास पुरेसा मानला. न्यूयॉर्कमध्ये १९६६ साली नवा कायदा संमत होईपर्यंत घटस्फोटाला व्यभिचार हेच एक कारण होते, तेव्हा ज्यांना ऐपत होती ते आगगाडीने नेवाडातील रीनो शहर गाठीत, सहा आठवडे एखाद्या पाहुणघरात काढीत आणि हुकूमनामा घेऊन परतत. त्यांचा सारा संसार न्यूयॉर्कमध्ये गेला असला, तरी कागद मिळेल तो रीनो ज्या काउंटीत आहे त्या वॉशू काउंटीच्या दफ्तरात. आजोबा-आजींच्या घटस्फोटाचा मागोवा घेणाऱ्या नातवंडांना हे ठाऊक नसते आणि ती वर्षानुवर्षे भलत्याच गावी पत्रे पाठवीत राहतात.

काउंटी निश्चित झाली की कार्यालय शोधावयाचे. येथे नावांचा घोळ आडवा येतो. टेक्सासमध्ये ‘डिस्ट्रिक्ट क्लर्क’, मिसूरी व इलिनॉय येथे ‘सर्किट क्लर्क’, आणि पेनसिल्व्हेनियात तर ‘प्रोथोनोटरी’ असे बायझंटाइन दरबारातून आलेले वाटावे असे बिरुद. कॅलिफोर्नियात ‘सुपिरिअर कोर्टा’च्या काउंटीतील शाखेकडे जावे लागते. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट देते ते ‘सुप्रीम कोर्ट’; परंतु ते त्या राज्याचे सर्वोच्च न्यायालय नव्हे, तर मूळ दाव्यांचे न्यायालय आहे, आणि त्याचे कागद काउंटी क्लर्क सांभाळतो. ‘क्लर्क’ या शब्दानेही आपली दिशाभूल होते. हा गृहस्थ खर्डेघाशी करणारा कारकून नसून दफ्तराचा प्रमुख असतो आणि पुष्कळ ठिकाणी मतदारांनी निवडून दिलेला असतो. आपल्या जिल्हा न्यायालयातील प्रबंधक आणि नक्कल शाखा यांचे काम एकत्र केले, तर त्याच्या कार्यालयाची कल्पना येईल.

दफ्तरात शोध सूचीवरून घेतला जातो. जुन्या बाडांत बहुधा दोन सूच्या असतात: एक वादीच्या आडनावाप्रमाणे, दुसरी प्रतिवादीच्या. घटस्फोट पतीने मागितला की पत्नीने हे ठाऊक नसेल, तर दोन्ही पाहाव्यात. सूचीतून प्रकरणाचा क्रमांक मिळतो. क्रमांकावरून नोंदवही, म्हणजे आपल्या भाषेत रोजनामा, आणि तेथून मूळ फाइल किंवा तिची सूक्ष्मचित्रफीत. अलीकडची प्रकरणे संगणकावर असल्याने शोध क्षणात होतो. तथापि अनेक काउंट्यांत संगणकापूर्वीची बाडे अजून हातानेच चाळावी लागतात. नावांच्या बाबतीत भारतीयांनी विशेष सावध असावे. मधले नाव आडनावाच्या जागी टंकलिखित झालेले, एकाच नावाची दोन स्पेलिंगे, पत्नीचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, हे प्रकार सर्रास आढळतात. म्हणून अर्जात नावाची सर्व संभाव्य रूपे लिहावीत.

पोस्टाने अर्ज करणाऱ्याने उभयतांची पूर्ण नावे, घटस्फोटाचे वर्ष (नक्की ठाऊक नसल्यास पाच-दहा वर्षांची मर्यादा), प्रकरण क्रमांक असल्यास तो, आणि कोणत्या कागदाची प्रमाणित प्रत हवी हे स्पष्ट शब्दांत नमूद करावे. शुल्क तीन प्रकारचे असते: शोधाचे, पानांचे आणि प्रमाणीकरणाचे. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात प्रत काढण्यास पानामागे ५० सेंट पडतात आणि शोधास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागला तर १५ डॉलर द्यावे लागतात. परदेशी बँकेवरचा धनादेश ही कार्यालये क्वचितच स्वीकारतात. त्यामुळे त्या देशात राहणाऱ्या एखाद्या नातलगाकडून किंवा वकिलाकडून अर्ज करविणे भारतात बसलेल्या माणसाला सोपे जाते.

पण नातलगाला प्रत मिळेलच असे नाही. अमेरिकेत न्यायालयाचे दफ्तर सामान्यतः सर्वांना खुले असते आणि पुष्कळ राज्यांत कोणीही शुल्क भरून कोणाचाही हुकूमनामा मागू शकतो. न्यूयॉर्कने वेगळा मार्ग पत्करला. तेथे वैवाहिक प्रकरणांचे कागद शंभर वर्षे बंद राहतात. पती, पत्नी व त्यांचे वकील यांखेरीज इतरांना न्यायालयाच्या आदेशावाचून ते पाहता येत नाहीत. हा निर्बंध शोधकर्त्यांना जाचक वाटतो खरा, परंतु शेजाऱ्याच्या संसाराचे वाभाडे वाचण्याचा हक्क कोणाला का असावा, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. इतर राज्यांतही मुलांची नावे, बँक खाती, सामाजिक सुरक्षा क्रमांक यांसारखा मजकूर आता पुष्कळदा खोडून देतात.

काही नोंदी मुळी उरलेल्याच नाहीत. ऑक्टोबर १८७१ च्या शिकागोच्या आगीत कुक काउंटीच्या न्यायालयाचे दफ्तर भस्मसात झाले. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे पुष्कळसे कागद गेले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही घटस्फोट न्यायालयात सापडत नाहीत, याचे कारण ते राज्यांच्या विधिमंडळांनी स्वतंत्र कायदा करून दिलेले असत. त्यांचा शोध त्या त्या अधिवेशनाच्या कायद्यांच्या संग्रहात घ्यावा. दक्षिण कॅरोलिनात तर १९४९ पर्यंत घटस्फोटाची सोयच नव्हती, हा जवळजवळ अखंड नियम होता. शोध निष्फळ ठरल्यास तसे लेखी प्रमाणपत्र क्लर्ककडून मागून घ्यावे. नोंद नसल्याचा दाखला हाही उपयोगी कागद असतो.

प्रत हाती आली म्हणजे काम संपले असे मानणाऱ्यांनी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ सालचा एक निर्णय अवश्य ध्यानात घ्यावा. भारतात हिंदू पद्धतीने विवाह केलेल्या एका पतीने मिसूरी राज्यातील सेंट लुईस काउंटीच्या सर्किट न्यायालयाकडून घटस्फोट मिळविला, नंतर दुसरा विवाह केला, आणि पहिल्या पत्नीने भारतात त्याच्यावर द्विभार्येचा खटला भरला. त्याचा सारा बचाव त्या हुकूमनाम्यावर अवलंबून होता. हुकूमनाम्याची छायाप्रत तेथील उपक्लर्कने रीतसर प्रमाणित केलेली होती. ती केवळ छायाप्रत आहे म्हणून ती पुराव्यात अग्राह्य ठरत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. तिच्यात उणीव होती ती दुसरीच: अमेरिकेतील भारत सरकारच्या प्रतिनिधीचे पुढील प्रमाणन तिच्यावर नव्हते, आणि भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ८६ प्रमाणे ते आवश्यक होते. एका शिक्क्याअभावी कागद बाजूला पडला.

न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्याला मान्य असलेल्या न्यायालयानेच, आणि त्या कायद्यातील कारणावरूनच, घटस्फोट दिलेला असला पाहिजे, असा नियम त्याने घालून दिला. मिसूरीचा हुकूमनामा संसार पुन्हा न जुळण्याइतका मोडल्याच्या कारणावर दिलेला होता. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमात ते कारण नाही. पत्नीने आपण होऊन त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि अधिनियमातील कारणावरच दावा लढविला, अथवा घटस्फोटाला तिने संमती दिली, तर गोष्ट वेगळी. म्हणूनच वर सांगितलेला समन्सच्या बजावणीचा दाखला आणि दुसऱ्या पक्षाने हजर होऊन दिलेले उत्तर यांच्या प्रतीही हुकूमनाम्याबरोबरच मागवून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

१८७२ च्या पुरावा अधिनियमाची जागा आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली असून परदेशी न्यायालयांच्या प्रमाणित प्रतींविषयीची तरतूद त्यातही आहे. दरम्यान २००५ पासून भारत हेग येथील अपोस्टिल कराराचा सदस्य झाला आहे. अमेरिका त्यात १९८१ पासून होती. अपोस्टिल म्हणजे सही व मोहोर खरी असल्याचे, करारातील सर्व देशांना ओळखता येईल अशा ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र. अमेरिकेत न्यायालयीन कागदावर ते राज्याचा सचिव देतो. घटस्फोट भारतीय कायद्यात ग्राह्य आहे किंवा नाही याबद्दल ते अवाक्षर बोलत नाही. भारतीय न्यायालयात प्रत दाखल करावयाची असेल, तर अपोस्टिलबरोबर वकिलातीचेही प्रमाणन घ्यावे काय, हे दावा चालविणाऱ्या वकिलाला आधीच विचारून घ्यावे. प्रत एकदा भारतात पोहोचल्यावर ती परत पाठविणे खर्चाचे आणि वेळखाऊ असते.

यात क्रम उलटा करून चालत नाही. प्रथम काउंटीच्या क्लर्कची मूळ सही व मोहोर असलेली नवी प्रत, मग राज्य सचिवाचे अपोस्टिल. वर्षानुवर्षे कपाटात ठेवलेल्या जुन्या प्रमाणित प्रतीवरील अधिकाऱ्याची सही राज्य सचिवाच्या दप्तरी सापडेलच याची खात्री नसते. त्यापेक्षा नवी प्रत मागविणे बरे. आणि पाने एकत्र जोडणाऱ्या टाचण्या छायाप्रत काढण्यासाठीसुद्धा कधी उपसू नयेत. टाचण्या उपसलेली प्रत बदललेली असावी असा संशय घेऊन कित्येक कार्यालये ती नाकारतात.